इमॅजिकाजवळ मुक्काम: आधी वार ठरवा, मग हॉटेल

पहिल्यांदा इमॅजिका या थीम पार्कला गेलो तेव्हा आम्ही लोणावळ्यात राहिलो. कारण एवढंच, की लोणावळा माहितीचं होतं. शुक्रवारी कोल्हापूरहून निघालो, रात्री पोचलो, शनिवारी सकाळी नाश्ता उरकून साडेनऊला गाडीत बसलो आणि खंडाळ्याच्या घाटात अडकलो. नकाशावर पाऊण तास दिसणारं अंतर कापायला सव्वादोन तास लागले. धाकट्याने मागच्या सीटवर दोनदा उलटी केली. दिवसभर पार्कात फिरून पाय मोडले आणि रात्री तोच घाट पुन्हा चढायचा होता. खोलीचं भाडं ६,२०० रुपये, वर कर. त्या खोलीत आम्ही जागेपणी जेमतेम दीड तास होतो.

त्यानंतर दोनदा जाणं झालं. एकदा सासूबाईंना घेऊन, एकदा माहेरची सतरा माणसं घेऊन. आता नात्यात कुणी इमॅजिकाला निघालं की फोन मला येतो, आणि प्रश्न एकच असतो: "हॉटेल कुठलं घेऊ?" हा प्रश्नच उलट्या बाजूने सुरू होतो. फोनवर दरवेळी जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे.

थोडा भूगोल आधी. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क खोपोली गावात नाही. ते खोपोली-पाली रस्त्यावर, रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात सांगडेवाडीला आहे. खोपोली स्टेशनापासून दहाएक किलोमीटर धरा. म्हणजे पार्क घाटाखाली आणि लोणावळा-खंडाळा घाटावर. मुक्कामाचा निम्मा हिशेब या एका वाक्यात आहे. (रिक्षावाल्याला 'अ‍ॅडलॅब्स' म्हटलंत तरी चालेल, जुनं नाव अजून तोंडात आहे.)

१. मुक्काम लागतोच का?

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे इथले असाल आणि फक्त थीम पार्क करायचं असेल, तर हॉटेलवर पैसे घालू नका. पहाटे निघा, रात्री घरी या.

मुक्काम कुणी करावा? एक, कोल्हापूर, सांगली, नाशिक, संभाजीनगर अशा लांबून येणाऱ्यांनी. दोन, ज्यांना थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही करायचे आहेत त्यांनी. दोघांची तिकिटं वेगळी असतात आणि एका दिवसात दोन्ही उरकू म्हटलं तर धड एकही होत नाही. तीन, सोबत पाच वर्षांखालचं मूल किंवा सत्तरीपुढचं माणूस असेल तर. सासूबाई दुपारी तीनलाच म्हणाल्या, "तुम्ही फिरा, मला खोलीवर सोडा." खोली जवळ होती म्हणून ते जमलं.

२. हॉटेल नंतर, रात्र आधी

या लेखातलं एवढंच एक लक्षात ठेवलंत तरी पैसे वाचतील.

या पट्ट्यातली हॉटेलं मुंबई-पुण्याच्या सुट्टीवर चालतात. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री दर चढतात, रविवारी संध्याकाळी गर्दी घराकडे वळते आणि खोल्या रिकाम्या होतात. माझ्या वहीत एकाच रिसॉर्टचे, एकाच प्रकारच्या खोलीचे दोन आकडे आहेत: शनिवार रात्र ५,८०० आणि रविवार रात्र ३,९००. खोली तीच, गादी तीच, नाश्त्याला पोहेही तेच.

म्हणून लांबून येणाऱ्यांसाठी माझा साचा असा: रविवारी दुपारपर्यंत पोचा, आराम करा, रात्री वेळेवर झोपा. सोमवारी पार्क. वॉटर पार्क करायचं असेल तर सोमवारची रात्रही तिथेच काढा आणि मंगळवारी ते करा. मुलांची शाळा दोन दिवस बुडते, ते मला मान्य आहे. शनिवारच्या रांगेत उभं राहून ती शिकतात त्यापेक्षा फार काही बुडत नाही.

दुसरं गणित घड्याळाचं. हॉटेलात खोली मिळते दुपारी एक-दोनला आणि सोडायची असते सकाळी दहा-अकराला. पार्क उघडतं साधारण त्याच वेळी, म्हणजे सकाळी दहा-अकराच्या सुमारास. तेव्हा पार्काच्याच दिवशी सकाळी येऊन त्या रात्रीची खोली घेतलीत तर दिवसभर सामान गाडीत आणि खोलीचं भाडं चालू. आदल्या रात्रीचा मुक्काम घेतलात तर खोली वापरली जाते, सकाळी चेकआउट करून थेट पार्कात जाता येतं आणि रात्री परतीला लागता येतं. गाडी चालवणारा एकटाच असेल तर मात्र पार्कानंतर सहा तास ड्रायव्हिंग करायला लावू नका. त्या रात्रीही खोली घ्या.

तारीख पक्की करण्याआधी दोन कॅलेंडरं बघा.

पहिलं पार्काचं. तिकीट तारखेवार असतं, दर दिवसागणिक बदलतो आणि काही दिवशी वेळा वेगळ्या असतात. त्यांच्या वेबसाइटवर तुमची तारीख टाकून बघितल्याशिवाय हॉटेलला पैसे पाठवू नका.

दुसरं भिंतीवरचं, म्हणजे पंचांगाचं. हे मुंबईकरांच्या लक्षातही येत नाही. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि त्याच रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर, असे अष्टविनायकांपैकी दोन गणपती या पट्ट्यात आहेत. अंगारकी मंगळवारी येते, म्हणजे माझ्या 'स्वस्त' सोमवार रात्रीवर नेमकी घाला घालते. माघी गणेश जयंतीलाही तेच. माहेरच्या सतरा जणांची पहिली तारीख अशीच गेली. चार ठिकाणी फोन केले, चारही ठिकाणी "अंगारकी आहे ना" हे एकच उत्तर.

याशिवाय मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी, आणि शुक्रवारी किंवा सोमवारी येणारी कुठलीही राष्ट्रीय सुट्टी टाळा. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारी शाळांच्या सहली असतात. हॉटेलं रिकामी असली तरी पार्क गजबजलेलं असतं.

३. कुठे राहायचं

पार्काच्या दारात. पार्काला लागूनच मोठं तारांकित हॉटेल आहे. सगळ्यांत सोयीचं आणि सगळ्यांत महाग. लहान मूल किंवा आजी-आजोबा सोबत असतील आणि शनिवार टळत नसेल, तरच मी इथले पैसे द्यायला सांगेन. दुपारी तासभर खोलीवर जाऊन पडणं आणि गाडी न हलवणं, या दोन गोष्टींचे ते पैसे असतात. दिवसभर पार्कातच राहणार असाल तर त्या खोलीचा उपयोग काय? खोली आणि तिकीट मिळून पॅकेज दिसलं तर खोली वेगळी, तिकिटं वेगळी अशी बेरीज करून ताडून बघा. कधी पॅकेज स्वस्त पडतं, कधी नाही.

खोपोली गाव. लॉज आणि साधी हॉटेलं. आसपास कारखाने असल्याने कामासाठी येणाऱ्यांची इथे कायम ये-जा असते. स्विमिंग पूल, बाग असलं काही नाही, पण गाव जागतं: औषधाचं दुकान, एटीएम, रात्री नऊला मिळणारी भाकरी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. फक्त झोपायला खोली हवी असेल तर माझं मत इथेच. खोली मात्र आधी बघून घ्या, आणि मुख्य रस्त्याकडची नको म्हणा. जुना मुंबई-पुणे महामार्ग गावातूनच जातो आणि घाट चढणारे ट्रक रात्रभर चालू असतात.

खोपोली-पाली रस्ता. रिसॉर्ट, फार्महाऊस, अ‍ॅग्रो टुरिझम. पार्काच्या सगळ्यांत जवळ, मुलांना मोकळी जागा. रविवार रात्रीची माझी आवडती जागा याच रस्त्यावर आहे. अडचण एकच, रात्री काही लागलं तर खोपोली गाठावी लागते.

पाली. पार्कापासून आणखी आत, अर्धा-पाऊण तास. देवस्थानाचं भक्तनिवास आहे, गावात साधे लॉज आणि घरगुती जेवणाची सोय आहे. ज्यांना दर्शनही करायचं आहे त्यांच्यासाठी उत्तम. भक्तनिवासाला हॉटेल समजून जाऊ नका, वेळेचे आणि खाण्यापिण्याचे नियम पाळावे लागतात.

लोणावळा-खंडाळा. पार्काला जोडून दोन दिवस लोणावळाच करायचं असेल तर जरूर. फक्त पार्कासाठी नको. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर नाहीच: दर दुप्पट, घाटात धुकं आणि भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग.

कर्जत. फार्महाऊसं भरपूर, पण तीही आतल्या रस्त्यांना विखुरलेली. 'कर्जत' असं लिहिलेली जागा प्रत्यक्षात नेरळच्या पुढे निघू शकते.

पनवेल आणि नवी मुंबई. हे कुणी सुचवत नाही, पण शनिवारी जायचंच असेल तर इथे एक नजर टाका. इथली बरीच हॉटेलं कंपन्यांच्या पाहुण्यांवर चालतात, त्यामुळे शनिवार-रविवारी त्यांचे दर उतरलेले दिसतात. पार्क चाळीसेक किलोमीटर, आणि वाटेत घाट नाही.

४. दिसणारा आकडा आणि द्यावा लागणारा आकडा

अ‍ॅपवर ठळक अक्षरांत जो दर दिसतो त्यात बहुतेक वेळा कर धरलेला नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं खोलीभाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. यात एक मजेशीर खड्डा आहे. ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते. ७,६०० ची खोली ८,९६८ ला. फलकावर फरक दोनशेचा, खिशाला फरक बाराशेचा. दर ७,५०० च्या आसपास घुटमळत असेल तर सरळ फोन करून "साडेसात हजारांच्या आत बसवा" म्हणा. हॉटेलवाल्यालाही हे गणित पाठ असतं.

नंतर जेवण. हॉटेलवाले ईपी, सीपी, एमएपी, एपी असं बोलतात, गोंधळू नका. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण. एपी म्हणजे तिन्ही. पार्कासाठी सीपी घ्या. बाहेरचं खाणं पार्कात नेऊ देत नाहीत आणि आतलं कुठल्याच थीम पार्कात बाहेरच्या भावाने मिळत नाही, तेव्हा सकाळी पोटभर खाऊन निघणं फायद्याचं. एमएपी मात्र फसवं आहे. पार्क संध्याकाळी उशिरा सुटतं, तुम्ही पोचेपर्यंत बुफे आवरलेला असतो. नाश्ता किती वाजता सुरू होतो हेही विचारा. नऊला सुरू होणारा नाश्ता फुकट असला तरी परवडत नाही.

मुलांचा दर ही तिसरी गंमत. हॉटेल वय विचारतं, पार्क उंची मोजतं. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं हॉटेलात गादीसह वेगळं भाडं लागलं. जावेचा मुलगा तिच्यापेक्षा लहान पण ताडमाड, तो पार्काच्या दारात मोठ्यांच्या तिकिटात गेला. घरून निघण्याआधी टेप घेऊन भिंतीला उभं करा आणि वेबसाइटवरच्या उंचीच्या नियमाशी ताडून बघा. कुठल्या राइडला कोण बसू शकेल तेही उंचीवरच ठरतं, आणि 'नायट्रो' या रोलरकोस्टरच्या रांगेतून परत पाठवलेलं पोर दिवसभर फुगून बसतं.

५. अ‍ॅपवर बघा, पण फोन करा

अ‍ॅपवरून नाव काढा, मग हॉटेलला थेट फोन लावा. मी विचारते ते असं:

- करासकट एकूण किती? नाश्ता धरून?
- वेगळी गादी किती? कितव्या वर्षापर्यंत मूल फुकट?
- सकाळी लवकर आलो किंवा चेकआउटनंतर सामान ठेवायचं असलं तर ठेवाल का?
- लाइट गेली तर एसीला जनरेटर आहे का, की नुसते दिवे आणि पंखे?
- पार्कात सोडायला-आणायला गाडी आहे का, किती घेता?
- तारीख बदलली तर पैसे परत की पुढे वळते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी 'हो ताई, बघू' याला काही किंमत नाही.

अंतराचं बोलणं मनावर घेऊ नका. या भागात प्रत्येक जागा 'पार्कापासून दहा मिनिटांवर' असते. नकाशात दोन्ही टोकं टाका आणि निघण्याची वेळ शनिवार सकाळी नऊ अशी लावून बघा. रविवारी रात्री अकराला घरी बसून बघितलेला वेळ काही कामाचा नाही. आणि नावात 'इमॅजिका' असलं म्हणजे जागा पार्काची असते असंही नाही.

६. माणसं जास्त असतील तर फार्महाऊस, पण जपून

दहाच्या वर माणसं असतील तर हॉटेलपेक्षा बंगला स्वस्त पडतो. आम्ही सतरा जणांनी चार खोल्यांचा घेतला आणि माणशी हॉटेलच्या निम्म्यात निभावलं. तरी तीन ठिकाणी ठेच लागली, ती तुम्हाला नको.

आगाऊ रक्कम. सुंदर फोटो, कमी दर, 'आत्ता अर्धे पैसे टाका नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे' हे ऐकलंत की थांबा. व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा: गेट, रस्ता, पूल, सगळं सलग. खरा मालक दाखवतो. आमच्या भावाने नुसत्या फोटोंवर तीन हजार पाठवले होते, ते गेले ते गेलेच.

डिपॉझिट. बंगल्याला भाड्याशिवाय डिपॉझिट घेतात आणि निघताना फुटलेला मग, डागाळलेली चादर काढून कापतात. आत शिरल्याशिरल्या मोबाइलवर सगळ्या खोल्यांचं चित्रण करून ठेवा.

जेवण. स्वयंपाकघर आहे असं सांगतात, पण गॅस, भांडी वापरू देतीलच असं नाही. बहुतेक ठिकाणी माणशी दराने त्यांचंच जेवण घ्यावं लागतं. तो दर बंगल्याच्या भाड्यात मिळवून मग 'स्वस्त' म्हणा. स्पीकर रात्री दहानंतर बंद, हा कायदाच आहे. गावकरी पोलिसांना फोन करतात, आणि बरोबर करतात.

७. येणं-जाणं

गाडी नसेल तर मध्य रेल्वेच्या कर्जत-खोपोली फाट्यावरचं शेवटचं स्टेशन खोपोली. मुंबईहून थेट खोपोली लोकल मोजक्या आहेत, नाहीतर कर्जतला बदलायची. वेळापत्रक बघूनच निघा, एक चुकली तर पुढची लगेच नाही. पुण्याहून लोकलने लोणावळा आणि तिथून एसटीने घाट उतरून खोपोली.

खोपोलीहून पुढे रिक्षा. मीटर नाही, बसण्याआधी भाडं ठरवा आणि परतीचंही तेव्हाच बोलून नंबर घेऊन ठेवा. रात्री पार्क सुटल्यावर पाली रस्त्यावर रिक्षा शोधत उभं राहणं शहाणपणाचं नाही, आणि अ‍ॅपवरच्या टॅक्सीवर तिथे विसंबू नका. मोटारसायकलने येणाऱ्या पोरांनो, द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या महामार्गाने या.

८. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:

- प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार, मतदान ओळखपत्र किंवा लायसन्स. पॅन कार्डावर पत्ता नसतो, हॉटेलवाले ते घेत नाहीत. एकाच्या ओळखपत्रावर सगळं कुटुंब खपत नाही.
- मुलांच्या वयाचा पुरावा, आधार असलं तर पुरे.
- परदेशातून आलेले नातेवाईक असतील आणि पासपोर्ट परदेशी असेल तर मूळ पासपोर्ट, सोबत व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). अशा पाहुण्यांची नोंद हॉटेलला सरकारदरबारी करावी लागते. ती कटकट नको म्हणून लहान लॉज सरळ नाही म्हणतात, तेव्हा फोनवरच सांगून ठेवा. अमेरिकेहून आलेल्या माझ्या आतेभावाला रात्री दहाला दोन लॉजनी असंच दारातून परत पाठवलं.
- बुकिंगचा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. आतल्या रस्त्याला रेंज जाते.

सामान: वॉटर पार्क करणार असाल तर सगळ्यांचे नायलॉनचे पोहायचे कपडे. सुती चालत नाहीत आणि तिथे विकत घ्यायचे तर महाग पडतात. ओल्या कपड्यांसाठी जाड पिशवी, कारण ते वाळवायला हॉटेलात जागा नसते आणि चेकआउट झालेलं असेल तर ते डिकीतच जातात. ओडोमॉस. उलटीची गोळी, घाट नसला तरी. आणि एक जास्तीची चप्पल. आमच्याकडे दरवेळी कुणाची ना कुणाची तुटते, गेल्या खेपेला सासूबाईंची तुटली, अगदी गेटपाशी.